मेजदादांच्या नावे ठेवलेले पत्र

बर्लिन, ८ फेब्रुवारी १९४३. या तारखेचे सुभाषचंद्र बोसांच्या हस्ताक्षरातले एक बंगाली पत्र आहे. ते थोरले बंधू शरच्चंद्र बोस यांना लिहिलेले असून मायना बंगाली घरच्या रीतीने ‘मेजदादा’ असा आहे. मजकूर मोजक्या ओळींचा. आपण पुन्हा एकदा धोक्याच्या वाटेने निघालो आहोत, फक्त या खेपेस तोंड घराकडे आहे. वाटेचा शेवट आपल्याला दिसेलच असे नाही. काही बरेवाईट झाले तर या जन्मी पुढची खबर देता यायची नाही, म्हणून ती इथेच ठेवून जात आहे, वेळ आली की मिळेल. इथे मी लग्न केले आहे आणि मला एक मुलगी आहे. आजवर माझ्यावर जी माया केलीत तीच माझ्यामागे त्या दोघींवर करा. माझे राहिलेले काम त्या दोघींच्या हातून पुरे व्हावे. शेवटी आईला, मेजवहिनींना आणि घरातल्या इतर वडीलधाऱ्यांना प्रणाम. संपले पत्र.

या पत्रावर आजवर झालेली चर्चा बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते: लग्न झाले होते की नाही? ज्यांना ते मान्य आहे ते हे पत्र पुराव्यादाखल पुढे करतात, ज्यांना पटत नाही ते पत्रावरच शंका घेतात. ब्रह्मचारी सेनापतीची प्रतिमा मनात घट्ट बसलेल्यांना एमिली शेंकल हे नाव कधीच पचले नाही, आणि त्यात बोस घराण्याच्या विस्तारातली काही मंडळीही होती. या भांडणात पत्र लिहिण्याचे कारण मात्र बाजूला पडले. सुभाषबाबूंनी ते कुणाला लग्नाचा दाखला द्यावा म्हणून लिहिलेले नाही. महायुद्धाच्या ऐन मध्यावर, परक्या आणि युद्धखोर राज्यात, बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघालेल्या माणसाने त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभे राहावे म्हणून केलेली ही तजवीज आहे. तजवीज म्हणून वाचले की त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, तेच आधी डोळ्यांत भरते.

पत्रात पत्नीचे नाव नाही, मुलीचे नाव नाही. व्हिएन्नाचा उल्लेख नाही, पत्ता नाही, लग्नाची तारीख किंवा ठिकाण नाही. पैशाबद्दल अक्षर नाही. आणि हे पत्र ज्यांच्या नावे आहे ते शरदबाबू कलकत्ता हायकोर्टातले नावाजलेले बॅरिस्टर! वारस ठरवायला काय काय कागद लागतात हे त्यांना कुणी सांगायला नको होते, आणि सुभाषबाबूंनाही ते कळत होतेच. तपशिलात ढिसाळ असा हा माणूस नव्हे. हे ‘नसणे’ समजून घ्यायचे तर त्याआधीच्या आठ-नऊ वर्षांच्या पत्रव्यवहाराकडे जावे लागते.

एमिली शेंकल यांचा जन्म व्हिएन्नाचा, २६ डिसेंबर १९१०चा. घर कॅथलिक, वडील गुरांचे डॉक्टर. सुभाषबाबू १९३३ पासून युरोपात होते, प्रकृतीच्या कारणाने आणि सरकारच्या मर्जीनेही. १९३४ मध्ये ‘द इंडियन स्ट्रगल’ हे पुस्तक लिहायला घेतले तेव्हा इंग्रजी येणारी टंकलेखिका हवी होती. त्या कामावर एमिली आल्या. पुस्तक १९३५ च्या आरंभी लंडनला छापून निघाले. त्यानंतरच्या भटकंतीतून त्यांना जी पत्रे जाऊ लागली, ती १९९४ मध्ये शिशिरकुमार आणि सुगत बोस यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयाच्या सातव्या खंडात आली. एमिली तेव्हा हयात होत्या.

हा खंड प्रेमपत्रांच्या अपेक्षेने उघडणाऱ्याची निराशा होते. मायना बहुधा ‘मिस शेंकल’ असाच. आत प्रकृतीची विचारपूस, पुस्तके, मासिके, हवापाणी. कारण सोपे आहे. ८ एप्रिल १९३६ रोजी सरकारचा इशारा धुडकावून सुभाषबाबू मुंबई बंदरात उतरले आणि जागच्या जागी पकडले गेले. आर्थर रोड, मग आपले येरवडा, मग दार्जिलिंगजवळच्या कुर्सियांगला शरदबाबूंच्या बंगल्यात नजरकैद, असा तो प्रवास. या सगळ्या काळात टपाल पोलिसांच्या नजरेखालून जात होते. दोघांमधली जवळीक आडून कळते: इंग्रजी पत्राच्या शेवटी हळूच टाकलेल्या जर्मन ओळीतून. १९३६ च्या मार्चमधले, युरोप सोडण्यापूर्वीचे एक पत्र मात्र आडपडदा न ठेवता लिहिलेले आहे, आणि त्या एकामुळे बाकीच्या कोरडेपणाचा अर्थ लागतो. टपालात जे जाते ते तिसरा माणूस वाचतो, हे धरूनच दोघे लिहीत होते.

याचा सर्वांत चांगला नमुना १९३७ च्या नोव्हेंबरातला. चार तारखेला सुभाषबाबूंनी जर्मन भाषेत लिहिले की महिन्याच्या मध्याला आपण बहुधा युरोपला येऊ. ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइनच्या कुरहाउस होखलांडला पत्र टाकून खोल्या मिळतील का विचारावे, माझ्यासाठी आणि तुमच्यासाठीही. ही गोष्ट आईवडिलांखेरीज कुणाजवळ बोलायची नाही, उलटटपाली उत्तर धाडायचे नाही, पुढच्या हवाई पत्राची किंवा तारेची वाट पाहायची. सोळा तारखेला तार गेली: विमानाने निघतो आहे, बावीसला पोहोचतो, राहण्याची सोय करून स्टेशनवर भेटावे. तारीख, ठिकाण, कुणाला सांगायचे, कुणाला नाही, सगळे जागच्या जागी. हाच माणूस पाच वर्षांनी पत्नीचे नावही न घालता पत्र लिहितो, तेव्हा ते विसरभोळेपणाने झाले असे कोण म्हणेल?

बाडगास्टाइनच्या त्या मुक्कामात, दहा-बारा दिवसांत, सुभाषबाबूंनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्राची दहा प्रकरणे लिहिली. तिथेच २६ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे एमिली यांच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, गुपचूप लग्न झाले, असे एमिली यांनी पुढे सांगितले. सुगत बोस आपल्या सुभाषचरित्रात हीच तारीख धरतात. ‘ब्रदर्स अगेन्स्ट द राज’ लिहिणाऱ्या लिओनार्ड गॉर्डन यांनी एमिली यांच्याशी स्वतः बोलून तारीख नोंदवली, पण शंकाही लपवली नाही: लग्नाचा कागद आपल्या पाहण्यात नाही आणि तिसऱ्या कुणाची साक्षही नाही. इतर काहींनी लग्न १९४१-४२ मधले धरले आहे. माझे मत गॉर्डन यांच्या बाजूने झुकते. बाईंच्या शब्दावर अविश्वास दाखवायचे कारण नाही, पण नोंदवहीतला उतारा आणि आठवण यांना एकाच तराजूत घालू नये. ८ फेब्रुवारीच्या पत्राने तारीख ठरत नाही. त्या दिवशी सुभाषबाबू एमिली यांना आपली पत्नी म्हणत होते आणि घरच्यांनी तसे मानावे अशी त्यांची इच्छा होती, एवढेच त्यातून ठामपणे निघते. तेवढे पुरेसे आहे.

बाडगास्टाइननंतर महिना-दीड महिन्यात ते हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि एमिली बसल्या जागी जर्मन राइखच्या प्रजाजन झाल्या. १९३९ च्या उन्हाळ्यात पुन्हा बाडगास्टाइनला यायचे मनसुबे पत्रांत येतात, तोवर युद्ध पेटले. मग जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरून झालेले ते पलायन, पुतण्या शिशिरने गोमोपर्यंत चालवलेली गाडी, पेशावर, काबूल. ते इतक्यांदा सांगून झाले आहे की इथे थांबत नाही. २ एप्रिलला सुभाषबाबू बर्लिनला पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हिएन्नाला पत्र टाकले. माझे पत्र बघून आश्चर्य वाटेल आणि ते बर्लिनहून आहे हे बघून त्याहून अधिक, अशी सुरुवात. उत्तर कुठे पाठवायचे तर ‘ओर्लांडो माझोट्टा’ या नावाने एका हॉटेलच्या पत्त्यावर. इटालियन पासपोर्टावरचे ते खोटे नाव होते. लवकरच एमिली बर्लिनला आल्या.

शार्लोटेनबुर्ग भागातल्या सोफिएनश्ट्रासवरच्या घरात दोघे राहू लागले. नोव्हेंबर १९४१ मध्ये आझाद हिंद केंद्र सुरू झाले. त्यात नंबियार होते, आबिद हसन होते, आणि एन. जी. गणपुले हे बर्लिनमध्ये स्थायिक झालेले मराठी गृहस्थही होते. या काळावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५९ मध्ये निघाले. आपल्याकडे ते फारसे कुणी वाचत नाही, वाचायला हवे. जर्मन परराष्ट्र खात्यात भारताचे काम पाहणारे आडाम फोन ट्रॉट आणि वरचे अधिकारी केप्लर यांच्याशी केंद्राचा रोजचा संबंध. खर्चाला पैसा जर्मन सरकारचा, पण सुभाषबाबूंच्या मनाने तो उसनवार, स्वतंत्र भारताने फेडायचा.

२९ नोव्हेंबर १९४२ रोजी व्हिएन्नात मुलगी झाली. नाव अनिता. आपण चार आठवड्यांच्या असताना वडिलांनी पाहिले, असे अनिता यांनी पुढे सांगितले आहे. पत्राच्या तारखेला ती सव्वादोन महिन्यांची होती. आपले अपुरे काम पत्नीने आणि कन्येने पुरे करावे हे पत्रातले वाक्य वाचताना हे वय ध्यानात असू द्यावे. अनेक लेखांत तेच वाक्य ठळक छापतात. मला त्यात व्यासपीठावर बोलायची सवय लागलेल्या माणसाचा सूर ऐकू येतो. घरच्या माणसाचा आवाज आहे तो त्याच्या आधीच्या वाक्यात: माझ्यावर केलीत तशी माया त्यांच्यावर करा.

आता पत्र ठेवून जायचे कारण. दुसऱ्या दिवशी कील बंदरातून यू-१८० ही पाणबुडी सुटायची होती. बरोबर फक्त आबिद हसन. अटलांटिकमधून आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळ जपानी पाणबुडी गाठायची. ब्रिटिश आरमार टपलेले, तेव्हा प्रवासाची कुणकुण लागू देणे म्हणजे जिवाशी खेळ. सुभाषबाबू अजून बर्लिनलाच आहेत असे जगाला वाटत राहावे म्हणून भाषणे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. अशा वेळी पत्र टपालात टाकणे शक्यच नव्हते. शिवाय टाकायचे तरी कुठे? शरदबाबू कलकत्त्यात नव्हतेच. जपानी वकिलातीशी त्यांचा गुप्त संपर्क असल्याचा सुगावा लागून सरकारने त्यांना ११ डिसेंबर १९४१ रोजी उचलले होते. त्रिचनापल्ली, मडिकेरी, कुन्नूर अशी दक्षिणेत त्यांची फिरवाफिरव चालली होती. म्हणजे लिहिणारा पाणबुडीत शिरायच्या बेतात आणि ज्याला लिहायचे तो बंदिवासात. पत्र एमिली यांच्याजवळच राहिले, तिथेच ते राहायचे होते.

नावे का नाहीत याचा उलगडा मला इथे होतो. अर्थात हे माझे अनुमान आहे. पत्र तिसऱ्याच्या हाती पडले तर काय, हा विचार सुभाषबाबूंच्या अंगवळणी पडलेला होता. ब्रिटिशांच्या हाती पडले तर शत्रूची बायको म्हणून एमिली यांच्यामागे ससेमिरा लागणार. जर्मन पोलिसांच्या हाती पडले तर राइखच्या नागरिक बाईने आशियाई परदेशी माणसाशी लग्न केल्याचा लेखी कबुलीजबाब. वंशशुद्धीचे वेड लागलेल्या त्या राज्यात अशा लग्नांना परवानगी लागे आणि ती मिळणे कठीण. जर्मनीत या दोघांनी आपले नाते कधी जाहीर केले नाही त्याचे हेही एक कारण असावे. पत्रात नाव नसेल तर ते कुणाला चिकटवणे सोपे नाही. आणि शरदबाबूंना नावाची गरजही नव्हती. जी बाई हे पत्र घेऊन येईल तीच ती. जो हजर करील तो धनी, अशा हुंडीसारखा हा कागद होता. फरक इतकाच की वटवायची होती ती माया. भावाचे अक्षर शरदबाबू डोळे मिटून ओळखणार, ही खात्री.

आणि शरदबाबूच का? हाताशी नंबियार होते, केंद्राची सूत्रे त्यांच्याकडेच दिली होती. जर्मन परराष्ट्र खात्याकडून लेखी हमी मागता आली असती. त्या हमीचे मोल काय झाले असते हे आपल्याला आज दिसते: हिटलरविरोधी कटात सापडून फोन ट्रॉट ऑगस्ट १९४४ मध्ये फासावर गेले आणि पुढच्या वर्षी ते खाते, ते राज्य, काहीच उरले नाही. सुभाषबाबूंना हे कळणे शक्य नव्हते. त्यांनी निवड केली ती जुन्या हिशोबावर. शरदबाबू सात-आठ वर्षांनी मोठे. १९२०-२१ मध्ये केंब्रिजला बसून आयसीएस सोडायची की नाही या घालमेलीत तरुण सुभाषने ज्यांना लांबलचक पत्रे लिहिली ते हेच मेजदादा. तुरुंगवास, आजारपण, युरोपातली वर्षे, पैशाची आणि मनाची बाजू त्यांनी सांभाळली. १९४१ च्या पलायनाचा बेत घरातल्या फार थोड्यांना ठाऊक होता, त्यांत ते होते. १९४३ चे पत्र म्हणजे केंब्रिजपासून चालत आलेल्या त्याच पत्रमालिकेतला शेवटचा कागद. पक्ष नाही, सरकार नाही, चळवळ नाही. देशासाठी घर सोडलेल्या माणसाने बायकोमुलीला घराच्या स्वाधीन केले.

घर मात्र हजारो मैलांवर आणि त्याची दारे बंद. पत्रात ज्या आईला प्रणाम आहे त्या प्रभावतीदेवी त्याच वर्षाच्या अखेरीस गेल्या. शिशिरलाही पुढे लाहोरच्या किल्ल्यात आणि लायलपूरला डांबले. शरदबाबू सप्टेंबर १९४५ मध्ये सुटले. मधल्या काळात व्हिएन्नावर बॉम्ब पडले, एप्रिल १९४५ मध्ये लाल सेना शहरात शिरली, मग चार राष्ट्रांचा ताबा. ज्या संकटांसाठी तजवीज केली होती ती सगळी एमिली यांच्यावर कोसळून गेली तेव्हा पत्र घरातच पडून होते. म्हातारी आई आणि लहान मुलगी यांचा संसार त्यांनी एकटीने ओढला. पुढे कित्येक वर्षे त्या व्हिएन्नाच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये पाळ्यांवर काम करत होत्या.

ऑगस्ट १९४५ मधला एक प्रसंग शिशिरबाबूंच्या पत्नी कृष्णा बोस यांनी एमिली यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवला आहे. हा दस्तऐवज नाही, आठवण आहे, तेवढे भान ठेवून सांगतो. संध्याकाळची वेळ, स्वयंपाकघर. आई आणि बहीण जवळ बसलेल्या, एमिली लोकरीचा गुंडा करत होत्या, रेडिओवर बातम्या चालू होत्या. निवेदकाने सांगितले की भारतीय फितूर सुभाषचंद्र बोस तैपेईच्या विमान अपघातात ठार झाले. आई आणि बहीण त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्या उठल्या, मुलगी निजली होती त्या खोलीत गेल्या, पलंगाशी गुडघे टेकून रडल्या. पत्रातली ‘काही बरेवाईट झाले तर’ ही अट पुरी झाल्याचे त्यांना कळले ते असे.

युद्ध संपल्यावर मजकूर शरदबाबूंपर्यंत पोहोचला. १९४८ मध्ये ते पत्नी विभावती आणि शिशिर, रोमा, चित्रा या मुलांसह व्हिएन्नाला गेले. पत्रातल्या मेजवहिनी त्या विभावतीच. पुरावा मागितला गेला नाही, उलटतपासणी झाली नाही. भावजय आणि पुतणी म्हणून दोघींना जवळ घेतले, कलकत्त्याला चला म्हणून आग्रह केला. आईला सोडून येता येणार नाही म्हणून एमिली यांनी नकार दिला. भारतात त्या पुढेही कधी आल्या नाहीत. बॅरिस्टर शरच्चंद्र बोसांनी भावाच्या शब्दाखेरीज दुसरा दाखला मागितला नाही, ही गोष्ट लग्नाच्या तारखेवर शाई आटवणाऱ्यांनी जरा मनावर घ्यावी. जो पुरावा ज्याच्यासाठी केला होता त्याला तो पुरला. दुर्दैवाने शरदबाबूंना वेळ फार मिळाला नाही. २० फेब्रुवारी १९५० रोजी ते वारले.

आर्थिक मदतीचे कागद यानंतरचे, आणि २०१६ मध्ये खुल्या झालेल्या फायलींमुळे सगळ्यांना पाहायला मिळाले. १९५४ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस कमिटीने अनिताच्या नावे दोन लाख रुपयांचा ट्रस्ट केला. विश्वस्त जवाहरलाल नेहरू आणि डॉ. विधानचंद्र रॉय. त्यातून महिन्याला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये जात. १९६५ मध्ये अनिताचे लग्न झाल्यावर ते थांबले. ज्या काँग्रेसने १९३९ मध्ये सुभाषबाबूंना तीन वर्षे पदबंदी केली होती तिच्याच तिजोरीतून ही रक्कम गेली. तिला कुणी प्रायश्चित्त म्हणेल, कुणी राजकारण. मला तो एक नीटनेटका, उशिरा केलेला व्यवहार वाटतो. पत्रात पैसा मागितलेलाच नव्हता.

अनिता पुढे जर्मनीत आउग्सबुर्गला अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. एमिली यांनी दुसरे लग्न केले नाही. १३ मार्च १९९६ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या. पत्रापासून त्रेपन्न वर्षे त्या जगल्या, आणि त्यातली मुलीला वाढवण्याची वर्षे त्यांनी मुख्यतः स्वतःच्या पगारावर काढली. पत्राने त्यांना नाते मिळवून दिले. संरक्षण म्हणून जे काही मिळाले ते त्यांनी स्वतः कमावलेले होते.